मिलपट्टीची दुर्बीण : कोन ती मोजते, अंतर आपण काढायचे

समुद्रावर वापरायच्या ७×५० (सातपट मोठेपणा, ५० मिलिमीटरचे भिंग) दुर्बिणींच्या खोक्यावर ‘रेंजफाइंडर’ हा शब्द ठळक अक्षरांत छापलेला असतो. तो वाचून घेणाऱ्याची अशी समजूत होते की दुर्बीण डोळ्याला लावून लक्ष्य मधोमध आणले की त्याचे अंतर आपोआप समोर दिसेल. तसे काही होत नाही. या दुर्बिणीच्या एका नळीत काचेवर कोरलेली उभी-आडवी पट्टी असते; समोरची वस्तू डोळ्याशी किती कोन करते एवढेच तिच्यावर वाचता येते आणि बाकीचे सगळे वाचणाऱ्याने करायचे असते. पावसाळा संपल्यापासून मी अशी एक मध्यम किमतीची, पंधरा हजारांच्या घरातली दुर्बीण मुंबई बंदरात आणि रत्नागिरीच्या बाजूला वापरत आहे. तिच्या कंपनीचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण या किमतीतल्या बहुतेक दुर्बिणींची रचना एकाच वळणाची असते आणि मला येथे बोलायचे आहे ते त्या पट्टीविषयी.

यंत्राची ओळख थोडक्यात उरकतो. पोरो लोलकाची रचना, बीएके-४ काच, आत नायट्रोजन भरून पाणी आणि बुरशी यांच्यापासून बचाव, रबरी आवरण आणि साधारण एक किलो वजन. दोन्ही डोळ्यांसाठी फोकस वेगवेगळा लावायचा असतो. एकदा लावला की दूरच्या वस्तूंसाठी पुन्हा हात लावावा लागत नाही, आणि हलत्या होडीवर ही मोठीच सोय आहे. ५० मिलिमीटरच्या भिंगाला ७ ने भागले की डोळ्यापाशी बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत सुमारे ७ मिलिमीटरचा येतो, त्यामुळे तिन्हीसांजेला चित्र अजून उजळ दिसत असते. अर्थात पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची बाहुली अंधारातही सहसा तेवढी उघडत नाही, त्यामुळे त्यातला काही प्रकाश माझ्यासारख्यांच्या बाबतीत वायाच जातो. मोठेपणा सातपटच का, असा प्रश्न दुकानात हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर असे की याहून जास्त मोठेपणाचे चित्र हातात धरून, तेही डुलत्या लाँचवर, स्थिर राहत नाही, आणि स्थिर नसलेल्या चित्रावर पट्टी वाचता येत नाही.

आता पट्टी. तिच्यावरचे एकक मिल आहे. मूळ मिलिरेडियन म्हणजे रेडियनचा हजारावा भाग, आणि तो ३.४४ कलांएवढा भरतो (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). या एककाची सारी सोय त्या हजारात आहे : १ मीटर उंचीची वस्तू १ किलोमीटरवर १ मिलएवढी दिसते. म्हणून वस्तूची उंची मीटरमध्ये घेऊन तिला हजाराने गुणायचे आणि पट्टीवर वाचलेल्या मिलने भागायचे, की अंतर मीटरमध्ये मिळते. २६ मीटर उंचीची इमारत १३ मिल दिसली तर ती २ किलोमीटरवर आहे. लहान कोनांसाठी हे गणित पुरेसे खरे असते, त्रिकोणमितीचे कोष्टक लागत नाही. स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका केलेल्या वाचकांना यात नवे काही वाटणार नाही. टॅकिओमीटर या जमीनमोजणीच्या दुर्बिणीतल्या दोन आडव्या (स्टेडिया) तारा आणि शंभराचा गुणक ही याच कल्पनेची जमिनीवरची आवृत्ती आहे. तिथे दोन तारांमधला कोन १० मिलएवढा पक्का ठेवून समोरच्या पट्टीवरची लांबी वाचतात. येथे समोरची लांबी पक्की धरून कोन वाचायचा असतो. फरक एवढाच की तिथे समोर उभी असलेली पट्टी आपलीच असते, आणि समुद्रात समोर काय उभे आहे ते आपल्या हातात नसते.

मिल हा सगळीकडे एकच नाही, हेही घेण्यापूर्वी माहीत असावे. पूर्ण वर्तुळात खरे मिलिरेडियन ६२८३ बसतात. नाटो देशांच्या तोफखान्याने भागाकाराच्या सोयीसाठी ६४०० धरले, तर सोव्हिएत सैन्याने ६०००. पहिल्यात हजाराचे सूत्र वापरले तर उत्तर सुमारे २ टक्क्यांनी कमी येते, दुसऱ्यात पावणेपाच टक्क्यांनी जास्त. जुन्या रशियन बनावटीच्या ८×३० दुर्बिणी हौशी लोकांकडे अजून आढळतात, आणि त्यांच्यावरची पट्टी या ६००० च्या हिशेबाची असते. माझ्या दुर्बिणीसोबतच्या पुस्तिकेत यातला कोणता मिल आहे हे लिहिलेलेच नाही. पुढे दिसेल त्याप्रमाणे २ टक्क्यांनी व्यवहारात काही बिघडत नाही. पण मापनाचे साधन विकणाऱ्याने एकक सांगू नये हे मला पटत नाही.

पट्टी खरी आहे की नाही हे तपासण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला फुकटचा आहे : पौर्णिमेचा चंद्र. त्याचा व्यास पृथ्वीपासूनच्या अंतराप्रमाणे साडेएकोणतीस ते साडेतेहतीस कलांच्या दरम्यान बदलतो, म्हणजे पट्टीवर तो साडेआठ ते पावणेदहा मिल भरला पाहिजे. काळ्या रेषा तेजस्वी चकतीवर स्वच्छ दिसतात, त्यामुळे वाचायला सोपे जाते. ज्या दुर्बिणीत पौर्णिमेचा चंद्र ७ किंवा १२ मिल दिसेल ती दुकानदाराला परत करावी. (सूर्याचा व्यासही तेवढाच असला तरी त्याच्यावर हा प्रयोग कधीही करू नये.) दुसरा मार्ग अधिक काटेकोर आहे. मैदानावर टेपने १०० मीटर मोजावेत आणि पलीकडच्या भिंतीवर २ मीटर अंतरावर खडूने दोन रेघा माराव्यात. त्या २० मिल दिसायला हव्यात. माझ्या पट्टीवर त्या वीसच्या रेषेला केसभर कमी भरल्या, आणि तेवढ्या फरकाबद्दल माझी तक्रार नाही. मात्र हाच प्रयोग ५० मीटरवर केला तर डोळा किंचित हलताच पट्टी चित्रावरून सरकल्यासारखी दिसते. कारण पट्टी बसवलेली असते ती अतिदूरच्या वस्तूंची प्रतिमा जिथे तयार होते त्या जागी, आणि जवळच्या वस्तूची प्रतिमा तिच्या थोडी मागे पडते. दोनशे मीटरच्या पलीकडे हा दोष जाणवत नाही.

पट्टीवर दर ५ मिलला एक रेघ आहे. मधले अंतर डोळ्याने विभागून अर्ध्या मिलपर्यंत वाचता येते, पण कोपर कठड्यावर टेकवलेले असले तरच. १ मिल सातपट मोठा होऊन डोळ्याला सुमारे २४ कलांचा दिसतो, म्हणजे डोळ्याच्या क्षमतेच्या मानाने तो भरपूर मोठा आहे. अडचण येते ती हाताच्या आणि होडीच्या हालचालीची. उभी पट्टी वाचताना दुर्बीण थोडी तिरपी झाली तरी विशेष बिघडत नाही, १० अंशांच्या कलाने दीड टक्क्याचाच फरक पडतो.

प्रत्यक्ष वापरासाठी मी पहिले लक्ष्य निवडले ते गेटवे ऑफ इंडिया. त्याची उंची २६ मीटर आहे, त्याची कडा आकाशावर किंवा मागच्या हॉटेलवर स्पष्ट उठून दिसते, आणि मांडव्याकडे किंवा घारापुरीकडे जाणाऱ्या लाँचमधून ते बराच वेळ समोर राहते. खरे अंतर तपासायला मोबाइलमधला जीपीएस होता. सव्वा किलोमीटरच्या आतबाहेर असताना पट्टीवर साडेएकवीस मिल वाचले, भागाकार केला तर १२०९ मीटर आले, आणि मोबाइल १२०० च्या आसपास सांगत होता. हा निकाल पाहून कोणीही खूष होईल. पण थोडे पुढे गेल्यावर तोच अर्ध्या मिलचा अंदाज किती महाग पडतो ते कळू लागते. या उंचीच्या लक्ष्यासाठी अर्ध्या मिलची चूक १ किलोमीटरवर सुमारे २० मीटरची असते, २ किलोमीटरवर ती ७५ ते ८० मीटरची होते, आणि ४ किलोमीटरवर ३०० मीटरच्या वर जाते. अंतर दुप्पट झाले की चूक चौपट होते. पुस्तिकेत याचा उल्लेख नाही, उलट तिच्यातल्या चित्रात क्षितिजाजवळच्या इवल्याशा दीपगृहाचे अंतर अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत काढून दाखवले आहे. माझा स्वतःचा नियम असा झाला आहे की लक्ष्य १० मिलपेक्षा मोठे दिसत असेल तर उत्तर आकडा म्हणून घ्यावे, ५ ते १० मिलमध्ये असेल तर अंदाज म्हणून घ्यावे, आणि ५ मिलच्या खाली पट्टी विसरून जावी.

कोनाच्या चुकीहून मोठी चूक वस्तूच्या उंचीत दडलेली असते, आणि या दुर्बिणीचा खरा कस तिथे लागतो. गेटवेची २६ मीटर उंची त्याच्या पायापासूनची आहे, पाण्यापासूनची नाही. लाँचमधून पाहताना मात्र नजर साहजिकच धक्क्याच्या भिंतीसह पाण्याच्या रेषेपर्यंत उतरते, आणि मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीचा फरक चार मीटरच्या पुढे जातो. समजा ओहोटीला पाण्यापासून माथ्यापर्यंतची उंची ३१ मीटर झाली आणि आपण हिशेबात २६ धरले, तर अंतर १६ टक्के कमी येईल. आणि कोन अगदी बिनचूक वाचलेला असूनही तसे येईल. राजाबाई टॉवरचे उदाहरण आणखी बोलके आहे. त्याची उंची ८५ मीटर म्हणून प्रसिद्ध आहे आणि मोठी उंची म्हणजे मोठा कोन, तेव्हा ते आदर्श लक्ष्य वाटते. पण समुद्राकडून त्याचा माथा दिसला तरी पाया झाडांच्या आणि इमारतींच्या मागे असतो, आणि अर्धवट दिसणाऱ्या मनोऱ्याचा या पट्टीला काहीही उपयोग नाही.

दीपगृहे त्या मानाने प्रामाणिक लक्ष्ये आहेत. कुलाब्याच्या टोकापलीकडे खडकांच्या रांगेवर १८७५ साली बांधलेले प्राँग्स दीपगृह थेट पाण्यातून वर आलेले दिसते. ४० मीटरहून थोडी अधिक उंची आणि आजूबाजूला गोंधळात पाडणारे काही नाही. तरीही दीपगृहांच्या अधिकृत यादीत प्रत्येकाच्या पुढे दोन उंच्या असतात हे ध्यानात ठेवावे लागते : एक मनोऱ्याची, पायापासून माथ्यापर्यंत, आणि दुसरी दिव्याची, भरतीच्या पाण्याच्या पातळीपासून दिव्याच्या मध्यापर्यंत. नकाशावर बहुधा दुसरी छापलेली असते. तेव्हा पट्टीचे एक टोक दिव्याच्या काचघराच्या मध्यावर धरायचे, घुमटाच्या टोकावर नाही, आणि पाणी उतरलेले असेल तर तेवढे मीटर उंचीत मिळवायचे. टेकडीवरच्या दीपगृहांसाठी तर हाच फरक निर्णायक असतो, कारण तिथे मनोरा बुटका आणि दिव्याची उंची मोठी असते.

पृथ्वीच्या गोलाईमुळे मनोऱ्याचा खालचा भाग झाकला जाईल ही शंका अनेकांना येते. शंका बरोबर आहे, पण या दुर्बिणीपुरती ती गौण आहे. डोळा पाण्यापासून अडीच मीटरवर असेल तर क्षितिज सुमारे ६ किलोमीटरवर असते, आणि १२ किलोमीटरवरच्या वस्तूचा खालचा सव्वादोन-अडीच मीटरचा भाग दिसत नाही. प्राँग्सच्या बाबतीत ही चूक ६ टक्क्यांच्या घरात गेली. पण तेवढ्या अंतरावर अख्खे दीपगृहच साडेतीन मिलपेक्षा कमी दिसते, आणि अर्ध्या मिलच्या अंदाजाने १५ टक्क्यांची चूक आधीच झालेली असते. गोलाईची काळजी करण्याची वेळ येईपर्यंत पट्टीच निकामी झालेली असते.

न्हावा-शेवा बंदराकडे जाणारी कंटेनर जहाजे सरावासाठी उत्तम आहेत, कारण त्यांच्यावर ठरावीक मापाच्या पेट्या रचलेल्या असतात. ४० फुटी कंटेनरची लांबी १२.१९ मीटर, आणि साध्या कंटेनरची उंची २.५९ मीटर. डेकवर सहा थर मोजले की साडेपंधरा मीटरची उभी पट्टी आपल्यासाठी उभी राहते. यातही एक पाचर आहे : हाय-क्यूब जातीच्या कंटेनरची उंची २.९० मीटर असते, आणि दुरून दोन्ही सारखेच दिसतात. सगळे थर तसे निघाले तर उत्तर १२ टक्क्यांनी बदलते. कंटेनरच्या लांबीवरून अंतर काढण्याचा मोह टाळावा, कारण जहाज आपल्याला अगदी आडवे क्वचितच असते. ते ३० अंशांनी वळलेले असेल तर लांबी १३ टक्क्यांनी आखूड दिसते आणि अंतर १५ टक्क्यांनी जास्त येते. उंची मात्र जहाज कसेही वळले तरी बदलत नाही.

येथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की लक्ष्याची उंची माहीत नसेल तर पट्टी निरुपयोगीच आहे. एका परिस्थितीत तसे नाही, आणि ती परिस्थिती कोकण किनाऱ्यावर जागोजाग मिळते. आपण समुद्रालगतच्या उंच कड्यावर उभे असू आणि आपली स्वतःची उंची माहीत असेल, तर पाण्यावरच्या कोणत्याही होडीचे अंतर तिचा आकार न जाणताही काढता येते. होडीच्या पाणरेषेपासून क्षितिजापर्यंतचा कोन पट्टीवर वाचायचा. क्षितिज हे डोळ्याच्या समपातळीपेक्षा किंचित खाली असते. ६० मीटर उंचीवरून ते सुमारे ४ मिल खाली असते, म्हणून वाचलेल्या आकड्यात ४ मिळवायचे आणि ६० हजाराला त्या बेरजेने भागायचे. पट्टीवर १६ मिल आले तर बेरीज २०, अंतर ३ किलोमीटर. मिळवायचे ४ विसरले तर हेच अंतर पावणेचार किलोमीटर येते, तेव्हा ती पायरी गाळण्यासारखी नाही. इतर उंच्यांसाठी, उंचीच्या वर्गमुळाला १.७६ ने गुणले की क्षितिजाचा उतार कलांमध्ये मिळतो आणि त्याला ३.४४ ने भागले की मिलमध्ये. या रीतीचा मोठा गुण असा की लक्ष्य लहान असल्याने काही अडत नाही. ६ किलोमीटरवरची मच्छीमार होडी स्वतः एखादा मिलही भरत नाही, पण तिची पाणरेषा क्षितिजाच्या साडेसहा मिल खाली असते, आणि अर्ध्या मिलच्या चुकीने अंतरात ५ टक्क्यांचाच फरक पडतो. गोलाईमुळे येणारी थोडीशी घट त्यात धरली तरी, या सबंध दुर्बिणीतून मिळालेली सर्वांत विश्वासार्ह अंतरे मला अशीच मिळाली. रत्नागिरीजवळच्या एका कड्यावरून परतणाऱ्या ट्रॉलरांची अंतरे काढत बसलो असता शेजारी उभ्या एका जुन्या तांडेलाने नुसत्या नजरेने सांगितलेली अंतरे माझ्या भागाकाराच्या फारशी दूर नव्हती. पण त्याच्या डोळ्यांमागे अख्खे आयुष्य आहे आणि माझ्या डोळ्यांमागे पट्टी. या रीतीला क्षितिज स्वच्छ दिसावे लागते ही एकच अट आहे. पाऊस सरल्यानंतरच्या दिवसांत ते दिसते. हिवाळ्याच्या सकाळी धुक्यात आणि उन्हाळ्याच्या दुपारी तापलेल्या हवेच्या थरथरीत ते विरघळलेले असते.

आश्चर्य म्हणजे ही रीत पुस्तिकेत नाहीच. पुस्तिकेने आपली सगळी ताकद खर्च केली आहे ती नळीच्या पुढच्या टोकावर बसवलेल्या फिरत्या तबकडीचे गुणगान करण्यात. तबकडीच्या एका गोल कड्यावर वस्तूची उंची, दुसऱ्यावर कोन, ते समोरासमोर आणले की बाणाखाली अंतर. म्हणजे स्लाइड रूलचाच गोल अवतार. कल्पना चांगली आहे, पण आकडे इतके बारीक आहेत की ते वाचायला चष्मा काढा-घाला करावी लागते, फूट आणि मीटर एकाच कड्यावर दाटीने बसवले आहेत, आणि खारे पाणी लागल्यावर तबकडी कुरकुरत फिरते. एका भागाकारासाठी एवढा खटाटोप करण्याची गरज नाही. हीच दुर्बीण तबकडीविना मिळत असेल तर ती घ्यावी. काही गमावणार नाही.

याच दुर्बिणीत बसवलेले होकायंत्र मात्र मनापासून आवडले. पट्टीच्या खालीच दिशेचे अंश तरंगताना दिसतात, त्यामुळे अंतर आणि दिशा एकाच नजरेत मिळतात, आणि या दोन्हींवरून नकाशावर आपली जागा ठरवता येते. मुंबईच्या परिसरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक जवळपास शून्य आहे, म्हणून दुरुस्तीचीही कटकट नाही. घेताना एवढे पाहावे की होकायंत्र आपल्या अक्षांशाला चालणारे आहे. युरोपासाठी तोललेली चकती आपल्याकडे कलते आणि अडखळते. लोखंडी कठड्यापासून ते हातभर लांब धरावे हे तर आलेच. उणीव आहे ती प्रकाशाची : बटण दाबल्यावर होकायंत्र उजळते, पण मिलपट्टी उजळत नाही. तिच्या काळ्या रेषा संध्याकाळी डोंगराच्या काळ्या उतारावर पार बुडून जातात, नेमक्या त्या वेळी जेव्हा ७×५० ची उजळ प्रतिमा इतर दुर्बिणींवर मात करत असते.

याच पैशात, किंवा थोडे अधिक घालून, लेसर रेंजफाइंडर मिळतो, मग ही उठाठेव कशाला, असे विचारणे रास्त आहे. जमिनीवर, स्थिर उभे राहून, किलोमीटरच्या आतले अंतर हवे असेल तर लेसरच घ्यावा. त्याला वस्तूची उंची लागत नाही आणि त्याचे उत्तर मीटरपर्यंत बरोबर येते. पण त्याच्या खोक्यावर लिहिलेला पल्ला बहुधा चांगल्या परावर्तित होणाऱ्या लक्ष्यासाठीचा असतो. डुलत्या होडीवरून लेसरचा बारीक किरण दूरच्या छोट्या होडीवर टिकवून धरणे कठीण असते, दमट धूसर हवेत त्याचा पल्ला आखडतो, आणि सेल संपला की काम संपते. पट्टीला सेल लागत नाही. शिवाय साधा लेसर अंतर सांगतो पण उंची सांगत नाही. पट्टीचे गणित उलटे फिरवता येते. नकाशावरून अंतर माहीत असलेल्या खडकाची किंवा मनोऱ्याची उंची तिच्यावरून काढता येते, आणि एकदा काढलेली उंची पुढच्या वेळी अंतरासाठी वापरता येते. माझ्या वहीत आता बंदरातल्या अशा उंच्यांची यादी तयार होत आली आहे, आणि यंत्राइतकेच मोल मी त्या यादीला देतो.

गडकिल्ले फिरणाऱ्यांनी ही दुर्बीण घेऊ नये. डोंगरात अंतरे मोठी असतात, लक्ष्यांची उंची माहीत नसते, किलोभर वजन गळ्यात नकोसे होते, आणि एका गडावरून दुसऱ्याचे अंतर नकाशा अधिक चांगले सांगतो. उभ्या माणसाची उंची १.६५ मीटर धरून ३०० मीटरवर साडेपाच मिल वाचता येतात खरे, पण त्यात ९ टक्के इकडे-तिकडे होणारच. खंडाळ्याच्या घाटात रेल्वे पाहायला जाणाऱ्यांना थोडी मजा येईल : एलएचबी जातीच्या प्रवासी डब्याची लांबी २३.५४ मीटर आहे, आणि गाडी अगदी आडवी दिसेल अशी जागा सापडली तर दीड किलोमीटरवर एक डबा पावणेसोळा मिल भरतो. शिडाची होडी चालवणारे, किनाऱ्यावर पक्षी किंवा डॉल्फिन यांच्या नोंदी ठेवणारे, आणि कड्यावर घर असलेले भाग्यवान, यांच्यासाठी मात्र ती योग्य आहे. मुंबई बंदरात वापरणाऱ्यांनी नौदलाच्या हद्दीकडे दुर्बीण रोखून बसू नये, एवढे तारतम्य बाळगावे.

ज्यांच्याकडे आधीच साधी दुर्बीण आहे त्यांनी पैसे खर्च करण्यापूर्वी तिच्या अंगावर छापलेला एक आकडा पाहावा. ७×५० वर तो बहुधा ‘१३१ मी./१००० मी.’ किंवा त्याच्या जवळपासचा असतो, आणि ६.५ अंशांच्या १०×५० वर ‘११४ मी./१००० मी.’. हा आकडा म्हणजे संपूर्ण दृश्यवर्तुळाचा मिलमधला व्यास. एखादा मनोरा त्या वर्तुळाच्या पाचव्या भागाएवढा उंच दिसत असेल तर तो ७×५० मध्ये सुमारे २६ मिल झाला, आणि त्यापुढचा भागाकार वर दिला आहे तोच. वर्तुळाचे दहाव्यापेक्षा लहान भाग डोळ्याने नीट पाडता येत नाहीत, त्यामुळे ही युक्ती जवळच्या आणि उंच लक्ष्यांपुरतीच चालते. पण तेवढी जमू लागली आणि तरीही अपुरी वाटू लागली, तरच मिलपट्टीची दुर्बीण मागवावी, आणि मागवताना तबकडी नसलेली व पट्टीला दिवा असलेली मिळते का ते आधी विचारावे.